दारासुरमची गोळी आणि आपल्या गावचे बिल



तिरुचिरापल्लीची बैठक आटोपल्यावर तिथल्या साथींनी आग्रह केला, म्हणून आम्ही आठ-दहा जण, काही रेल्वेतले, काही टपालातले, पॅसेंजरने कुंभकोणमकडे निघालो आणि कुंभकोणमच्या अलीकडे दारासुरम् या लहान स्टेशनवर उतरलो. ऐरावतेश्वराचे देऊळ पाहायचे होते. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेले हे देऊळ २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. देवळाचे वर्णन करण्याचे हे ठिकाण नव्हे. पण तिथे अनवाणी फिरताना आमच्यातल्या एका साथीच्या पायात काच गेली आणि हा लेख लिहिण्याची वेळ आली. हा साथी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात ग्रामीण डाकसेवक, शाखा डाकपाल आहे. "काही नाही हो," म्हणत त्याने रुमाल गुंडाळला आणि दिवसभर आमच्याबरोबर हिंडला. दुसऱ्या दिवशी पाऊल सुजले, जखमेत पू झाला, अंगात ताप भरला.

आमची सोय पाहणारे स्थानिक साथी टपाल खात्यातून निवृत्त झालेले. घर तंजावरी मराठी. शरफोजी महाराजांच्या काळापासूनची भाषा अजून त्यांच्या चुलीजवळ टिकून आहे. कानाला थोडी वेगळी लागते, पण समजते. त्यांनी पाय पाहिला आणि म्हणाले, "सरकारी दवाखान्यात जाऊ." आमच्या बीडच्या साथीचा चेहरा उतरला. "तिथे गोळ्या नसतात काका, बाहेरून आणायला लावतात. त्यापेक्षा मेडिकलवाल्याला पाय दाखवतो, तो देईल काहीतरी."

काकांनी ऐकले नाही. जवळच्या दवाखान्यात नेले. रांगेत बहुतेक हातमागावर रेशीम विणणारी माणसे होती. दारासुरम् हे विणकरांचे गाव. डॉक्टर बाईंनी जखम उघडून धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि चिठ्ठीवर एका प्रतिजैविकाचे, म्हणजे आपण ज्याला अँटिबायोटिक म्हणतो त्याचे, साधे मूळ नाव लिहिले. खिडकीवर पाच दिवसांच्या कॅप्सूल मोजून मिळाल्या. साथीने खिशात हात घालून विचारले, "किती झाले?" खिडकीतला फार्मासिस्ट नुसता हसला. कॅप्सूलच्या पट्टीवर कुठलेही झगमगीत नाव नव्हते. औषधाचे मूळ नाव, आणि हा तमिळनाडू सरकारचा पुरवठा आहे, विक्रीसाठी नाही, एवढा मजकूर होता.

त्या रात्री साथीने आम्हाला त्याच्या घरची हकीकत सांगितली. काही महिन्यांपूर्वी त्याच्या धाकट्या मुलीला सर्दी-खोकला आणि ताप झाला. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर होते, औषध नव्हते. तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात नेले. एक इंजेक्शन, एक भारी अँटिबायोटिक, दोन पातळ औषधे, पोट बिघडू नये म्हणून एक पावडर, आणि अशक्तपणासाठी टॉनिक. डॉक्टरांची फी धरून ९४० रुपये. २०१८ साली सरकारने शाखा डाकपालाला चार तासांच्या कामासाठी जो सुरुवातीचा भत्ता ठरवून दिला तो महिना १२,००० रुपये, वर महागाई भत्ता. त्याच्याकडे सी.जी.एच.एस.चे कार्ड नाही, रेल्वेचे हॉस्पिटल नाही, वैद्यकीय बिलाची भरपाई नाही. खाते त्याला आपला म्हणते ते टपाल वाटण्यापुरते. मुलगी बरी झाली. अशी सर्दी बहुतेक वेळा विषाणूमुळे होते, तिच्यावर अँटिबायोटिकचा उपयोगच नसतो, ती काही दिवसांत आपोआप ओसरते. म्हणजे ९४० रुपयांपैकी निम्म्याहून अधिक रुपये ज्या औषधांसाठी गेले त्यांची मुलीला गरजच नव्हती. आणि त्याच माणसाला पायात पू झाल्यावर, जेव्हा अँटिबायोटिकची खरी गरज होती तेव्हा, ती परक्या राज्यात फुकट मिळाली.

हा फरक कुठून आला? तमिळ डॉक्टर अधिक दयाळू असतात, असे कुणी म्हणत असेल तर ते आम्हाला मान्य नाही. फरक खरेदीत आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूच्या सरकारी दवाखान्यांची दशा आपल्यासारखीच होती. ज्याची त्याची खरेदी वेगळी, पुरवठादारांची बिले थकलेली, गोदामात नको ती औषधे कुजत पडलेली आणि हवी ती गायब. खरेदीतले गैरव्यवहार चव्हाट्यावर आले. तेव्हा त्या सरकारने १ जुलै १९९४ रोजी तमिळनाडू मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन या नावाची सरकारी कंपनी स्थापन केली आणि जानेवारी १९९५ पासून तिचे काम सुरू झाले. वर्ष लक्षात घ्या. देशभर खाजगीकरण-उदारीकरणाचा डंका पिटला जात होता, सरकारने सगळ्यातून अंग काढून घ्यावे असे शहाणे लोक सांगत होते, त्याच वर्षांत हे झाले.

कंपनीने केले ते इतके साधे आहे की आपल्या स्टोअर्स विभागातला कोणताही साथी ते पाच मिनिटांत समजून घेईल. आधी आवश्यक औषधांची एक यादी केली, मूळ नावांची, काही हजार ब्रँडांऐवजी काही शे औषधांची. साऱ्या राज्याची गरज एकत्र मोजून एकच निविदा काढली. निविदा दोन पाकिटांची: पहिल्या पाकिटात कारखान्याची पात्रता, उत्पादनाचा दर्जा, अनुभव, उलाढाल, त्यात जो उत्तीर्ण होईल त्याचेच दराचे दुसरे पाकीट उघडायचे. माल थेट जिल्ह्याच्या गोदामात येतो. तिथे नमुने काढून त्यांवरची कंपनीची ओळख झाकली जाते, त्यांना सांकेतिक क्रमांक दिला जातो आणि ते प्रयोगशाळेकडे जातात. कुणाचा माल तपासतो आहोत हे प्रयोगशाळेला कळत नाही. तपासणीत उतरल्याशिवाय माल दवाखान्यात जात नाही. नापास झाला तर पुरवठादाराला परत न्यावा लागतो, आणि वारंवार नापास झाला तर त्याचे नाव काळ्या यादीत जाते. त्याच वेळी, माल चांगला असेल तर पैसे वेळेवर मिळतात. पुरवठादार भाव चढवून सांगतात त्याचे निम्मे कारण सरकारी बिले वर्ष-वर्ष थकतात हे असते. रेल्वेच्या कंत्राटी बिलांचे काम केलेल्यांना ते सांगायला नको.

आणि प्रत्येक दवाखान्याला एक पासबुक. आपल्या बचत खात्याच्या पासबुकासारखेच. वर्षाकाठी इतक्या रुपयांची औषधे उचलण्याचा हक्क त्यात लिहिलेला. कोणती औषधे किती घ्यायची हे त्या दवाखान्याने यादीतून आपल्या रोग्यांकडे पाहून ठरवायचे. मुंबईत किंवा चेन्नईत बसून कुणी साहेबाने न मागितलेले खोके त्याच्या माथी मारायचे नाहीत. यादीबाहेरचे एखादे औषध तातडीने लागले तर थोडी रक्कम स्थानिक खरेदीसाठी वेगळी ठेवलेली. बस्स. यात कोणतेही अवकाशविज्ञान नाही.

परिणाम असा, की हा एक मोठा गिऱ्हाईक बाजारात उभा राहिल्यावर तेच कारखानदार तीच औषधे छापील किमतीच्या लहानशा हिश्शात द्यायला लागले. तोटा सोसून नव्हे, धंदा म्हणून. म्हणजे वरचे पैसे कशाचे होते? ब्रँडचे, एम.आर.च्या दौऱ्यांचे, डॉक्टरांच्या परिषदांचे आणि दुकानापर्यंतच्या साखळीत वाटल्या जाणाऱ्या कमिशनचे. आता सरकारी किंमत-नियंत्रणाकडे पाहा. एप्रिल २०२५ मध्ये ॲझिथ्रोमायसिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीची कमाल किंमत २३ रुपये ९८ पैसे ठरली होती. तीन गोळ्यांचे ७२ रुपये, कर वेगळा. ही किंमत कारखान्याच्या खर्चावरून काढलेली नसते. २०१३ च्या आदेशाने खर्चाचा हिशेब सोडून दिला. बाजारात ज्या ब्रँडांचा वाटा १ टक्क्याहून कमी नाही त्यांच्या किमतींची सरासरी काढायची, तीत दुकानदाराचे १६ टक्के मिळवायचे. चोरांच्या भावाची सरासरी काढून तिला नियंत्रण म्हणायचे, असा हा प्रकार! वर घाऊक निर्देशांकाप्रमाणे दरवर्षी वाढ: २०२२ मध्ये १०.७७ टक्के, २०२३ मध्ये १२.१२ टक्के. एवढी वाढ आपल्या महागाई भत्त्यात एका झटक्यात मिळाल्याचे कुणाला आठवते आहे काय?

हे एका दिवसात घडले नाही. १९७५ साली हाथी समितीने सांगितले होते की ब्रँडची नावे टप्प्याटप्प्याने बंद करा, औषध उद्योगात सार्वजनिक क्षेत्राला पुढे ठेवा. १९७९ मध्ये ३४७ औषधांच्या किमतींवर नियंत्रण होते. १९८७ मध्ये ती संख्या १४२ झाली, १९९५ मध्ये पाऊणशेच्या आसपास आली. आणि आपल्या मुंबई-पुणे लाइनवर पिंपरी स्टेशनवरून जाताना ज्या कारखान्याचे नाव आपण लहानपणापासून ऐकत आलो, तो हिंदुस्थान अँटिबायोटिक्स? जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ साली उभा राहिलेला, या देशात पेनिसिलिन बनवणारा सरकारी कारखाना. तो आजारी पडू दिला, कामगारांचे पगार महिनोन्महिने थकवले आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच्या जमिनी विकून नंतर मालकीही विकण्याचा निर्णय घेतला. त्याच बैठकीत आय.डी.पी.एल. बंद करण्याचे ठरले. चार वर्षांनी, २०२० मध्ये, पेनिसिलिनचा कच्चा माल परदेशातून आणावा लागतो हे सरकारच्या ध्यानात आले आणि तो देशात बनवणाऱ्या खाजगी भांडवलदारांसाठी अनुदानाची योजना निघाली. पिंपरीच्या कामगाराला द्यायला पैसे नव्हते, त्यांना द्यायला निघाले. या विषयावर वेगळा लेख लिहावा लागेल. आज इथेच सोडतो.

आता विरोधकांचे दोन आक्षेप. पहिला नेहमीचा: स्वस्त ते निकृष्ट. सरकारी गोळीत खडू असतो, असे आपले साथीसुद्धा म्हणतात. आम्ही हा आक्षेप उडवून लावत नाही, कारण महाराष्ट्रात तो खरा ठरला आहे. २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयातून घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांत औषधच नसल्याचे तपासणीत आढळले. २०२४ च्या पोलिसी आरोपपत्राप्रमाणे त्या गोळ्या टाल्कम पावडर आणि स्टार्चच्या होत्या. न्यूमोनियाच्या किंवा विषमज्वराच्या रोग्याला पावडरची गोळी! पण ही गोळी स्वस्ताईमुळे आली नाही. ती आली मधल्या पुरवठादारांच्या साखळीमुळे, आणि रोग्याच्या हातात पडण्यापूर्वी प्रत्येक खेपेची तपासणी झाली नाही म्हणून. दारासुरमला जी गोळी मिळाली ती आधी प्रयोगशाळेतून गेलेली असते. खाजगी दुकानातल्या भारी ब्रँडच्या पट्टीची अशी तपासणी विक्रीपूर्वी कोण करतो? कोणी नाही.

दुसरा आक्षेप अधिक शहाणपणाचा आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. अँटिबायोटिक फुकट वाटाल तर लोक वाटेल तशा खातील, जंतू निर्ढावतील, मग कोणतेच औषध लागू पडणार नाही. जंतू निर्ढावत आहेत हे खरेच आहे आणि त्याचा फटका सर्वांत आधी गरिबाला बसतो, कारण साधे औषध चालेनासे झाले की पुढचे इंजेक्शन त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. पण निर्ढावण्याचा कारखाना कुठे चालू आहे? देशातल्या खाजगी विक्रीच्या २०१९ च्या आकड्यांवरून २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत जास्त खपलेली अँटिबायोटिक ॲझिथ्रोमायसिन ५००, आणि दुसरी सेफिक्झिम २००. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिकचे तीन गट केले: पहिल्या हाताशी वापरायच्या, जपून वापरायच्या, आणि अखेरच्या उपायासाठी राखून ठेवायच्या. ॲमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, को-ट्रायमॉक्सॅझोल पहिल्या गटात येतात. ॲझिथ्रो आणि सेफिक्झिम दुसऱ्या. म्हणजे जपून वापरायच्या त्याच बाजारात सर्वांत जास्त विकल्या गेल्या. का? ॲमॉक्सिसिलिन जुने, त्यात सुटणारा नफा कमी. एम.आर. डॉक्टरच्या दारात जुन्या औषधाची पिशवी घेऊन उभा राहत नाही.

यादी इथेच उपयोगी पडते. खिडकीमागे पहिल्या गटातली चार-सहा अँटिबायोटिक भरपूर असतील आणि भारी औषधे वरच्या रुग्णालयातच असतील, तर डॉक्टरच्या पेनाला आपोआप वळण लागते. ज्या डॉक्टरचे उत्पन्न औषधाच्या बिलावर अवलंबून नाही त्याला सर्दीच्या रोग्याला "तुला गोळीची गरज नाही" असे सांगण्यात तोटा नाही. नव्वदच्या दशकात पुण्याचे डॉ. अनंत फडके आणि सहकाऱ्यांनी सातारा जिल्ह्यातल्या औषधांच्या पुरवठ्याचा आणि वापराचा अभ्यास केला होता. सरकारी केंद्रांत गरजेच्या औषधांचा तुटवडा आणि त्याच जिल्ह्यात अनावश्यक औषधांवर मोठी उधळपट्टी, असे दुहेरी चित्र त्यांनी मांडले. टंचाई आणि उधळपट्टी एकाच गावात शेजारी शेजारी राहतात. त्यामुळे किंमत कमी करणे आणि वापर आवरणे या दोन वेगळ्या मोहिमा आहेत, असे समजण्याचे कारण नाही.

इथे आपल्या घरातलीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, ऐकायला कडू लागली तरी. सुई टोचली नाही तर "डॉक्टरने काही केलेच नाही" असे म्हणणारे आपणच आहोत. रेल्वे हॉस्पिटलमध्ये "साहेब, जरा स्ट्राँग लिहा" म्हणणारे आपले सभासद आम्ही पाहिले आहेत. पाच दिवसांची औषधे दोन दिवस घेऊन उरलेली शेजाऱ्याला देणारेही पाहिले आहेत. तमिळनाडूतही सारे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही; सरकारी डॉक्टरही गर्दीत घाईने नको तिथे अँटिबायोटिक लिहितो. पण तिथे चूक झाली तर रोग्याचे घर कर्जात जात नाही.

महाराष्ट्राने तमिळनाडूची ही व्यवस्था पाहिली नव्हती असे नाही. शिष्टमंडळे गेली, अहवाल आले. राजस्थानाने हाच नमुना घेऊन २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना सुरू केली. आपण काय केले? २०१७ मध्ये खरेदीचे काम हाफकिन महामंडळाकडे सोपवले. हाफकिन लसी आणि औषधे बनवणारी जुनी, नावाजलेली संस्था, तिच्या गळ्यात हे लोढणे बांधले आणि औषधे वेळेवर पोचत नाहीत ही ओरड चालूच राहिली. २०२३ मध्ये वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा झाला. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाल्याची घोषणा झाली. त्याच वर्षी, सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना, नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ रोगी दगावले, त्यांत १२ नवजात बालके. औषधांच्या टंचाईचा आरोप झाला, प्रशासनाने तो नाकारला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. खिडकीवर गोळी नसेल तर केसपेपर फुकट करून काय उपयोग? तमिळनाडूनंतर तब्बल अठ्ठावीस वर्षांनी आपल्याकडे कायदा आला. या अठ्ठावीस वर्षांत एक पिढी डाकसेवकांची, गँगमनची, स्टेशनवरच्या कंत्राटी सफाईवाल्यांची त्या ९४० रुपयांच्या बिलांनी नागवली गेली.

काही साथी म्हणतील, जनऔषधीची दुकाने निघाली आहेत, काही स्टेशनांवरसुद्धा निघाली, मग आणखी काय हवे? स्वस्त दुकान चांगलेच. पण दुकान दारात असावे लागते आणि खिशात पैसा असावा लागतो. बीडच्या त्या खेड्यातून जवळचे स्टेशन किती लांब आहे, ते आमच्या साथीला विचारा. आणि डॉक्टरने ब्रँडच लिहून दिला असेल तर दुकानातल्या मूळ नावाच्या औषधाकडे रोगी वळत नाही.

काही साथी असेही म्हणतील की आपल्याला रेल्वेचे हॉस्पिटल आहे, कार्ड आहे, हा प्रश्न आपला कसा? ज्याला कार्ड आहे त्याचे आईवडील, भाऊ, पुतणे कुठे राहतात? आणि कार्ड किती दिवस राहील? कायम जागा भरल्या जात नाहीत, ती कामे कंत्राटदाराकडे जात आहेत. उद्या रुळावर काम करणाऱ्यांत कार्डवाले कमी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेतले जास्त असतील.

महासंघाच्या महाराष्ट्रातल्या शाखांपुढे आम्ही एक काम ठेवत आहोत. राज्य प्राधिकरणाने जिल्ह्याचे गोदाम, प्रत्येक केंद्राचे पासबुक आणि दवाखान्यात जाण्यापूर्वी प्रत्येक खेपेची तपासणी, ही तीन कामे तमिळनाडूप्रमाणे सुरू करावीत आणि प्रत्येक औषधाचा खरेदी-दर जाहीर लावावा, अशी मागणी आपण करणार आहोत. ग्रामीण डाकसेवकांना वैद्यकीय सुविधा द्या, ही आपली जुनी मागणी तिच्याबरोबर राहील. पण नुसत्या मागणीपत्राला मंत्रालयात कोण विचारतो? आपल्याला आकडे हवेत. म्हणून पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक शाखेतल्या दोन साथींनी आपल्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, तिथल्या फार्मासिस्टशी भांडू नये, तोही आपल्यासारखाच कर्मचारी आहे आणि रिकाम्या जागांचा भार वाहतो आहे. त्याला विचारून सहा औषधांचा साठा लिहून घ्यावा: ॲमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल, त्याचेच लहान मुलांचे पातळ औषध, डॉक्सिसायक्लिन, को-ट्रायमॉक्सॅझोल, मेट्रोनिडॅझोल आणि जेन्टामायसिनचे इंजेक्शन. आहे किंवा नाही, नसेल तर केव्हापासून नाही, एवढेच. गावाचे नाव, तालुका, तारीख घालून साध्या पोस्टकार्डावर आमच्याकडे नेहमीच्या पत्त्यावर पाठवावे. पहिले पोस्टकार्ड आले आहे. ते बीड जिल्ह्यातून आले आहे, त्यावर सहापैकी चार औषधांसमोर "नाही" असे लिहिले आहे, आणि खाली पाय बरा झाल्याचे कळवले आहे.